मेट्रॉलॉजिस्टला पावसाचा अंदाज का विचारतात?

वाचकांचे प्रश्न

एका वैज्ञानिक व्यवसायाच्या नावाविषयी या वेळी तीन पत्रे आली आहेत. तिघांच्याही शंकांना मापनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दीर्घकाळ काम केलेल्या आमच्या स्तंभलेखकांनी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी एका प्रयोगशाळेत मेट्रॉलॉजिस्ट आहे. लांबी मोजणाऱ्या उपकरणांची अचूकता तपासणे हे तिचे काम. ती काय करते असे कोणी विचारले आणि मी हा शब्द उच्चारला, की समोरची व्यक्ती हमखास पावसाविषयी विचारते. ती मेट्रो रेल्वेत नोकरीला आहे, असेही एकदोघांना वाटले. आता ती स्वतःच कंटाळून ‘मी इंजिनिअर आहे’ एवढेच सांगते, आणि त्याचे मला वाईट वाटते. सर्वसामान्य माणसांचा इतका गोंधळ होत असेल, तर या व्यवसायाचे नावच बदलायला नको का?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, आपल्या मुलीचा व्यवसाय तोच माझाही आहे, त्यामुळे आपले पत्र वाचताना मी अनेकदा मान डोलावली. गोंधळ होतो, यात शंका नाही. तरीही नाव बदलावे असे मला वाटत नाही. या नावापायी दोन निरनिराळे गैरसमज होतात. त्यांतला एक कानाचा आहे आणि तो एका वाक्यात दूर होतो. दुसरा समजुतीचा आहे, आणि नाव दहा वेळा बदलले तरी तो जाणार नाही.

आधी कानाचा पाहू. ग्रीक भाषेत ‘मेट्रॉन’ म्हणजे माप, आणि त्यावरून मेट्रॉलॉजी म्हणजे मापनाचे शास्त्र. ‘मेटेओरॉस’ म्हणजे उंचावर असलेले, अधांतरी, आणि त्यावरून मीटिऑरॉलॉजी म्हणजे हवामानाचे शास्त्र. दोन्ही शब्दांची मुळे अगदी वेगळी आहेत, पण घाईने उच्चारल्यावर मधला एक स्वर गळतो आणि मापनशास्त्रज्ञ हवामानशास्त्रज्ञ होऊन बसतो. खुद्द हवामानशास्त्रज्ञांचीही यातून सुटका नाही, कारण ‘मीटिऑर’ म्हणजे उल्का हे ज्यांना माहीत असते, ते त्यांच्याकडे उल्कांची चौकशी करतात. इसवी सनापूर्वी ३४० च्या सुमारास ॲरिस्टॉटलने या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याने ढग, पाऊस आणि वारा यांच्याबरोबर उल्का, धूमकेतू आणि भूकंपसुद्धा त्यात घातले होते. पुढे विषय आटत गेला, नाव मात्र जुनेच राहिले.

दोन्ही शास्त्रांचे जागतिक दिवसही जवळजवळ येतात. २३ मार्च हा जागतिक हवामान दिन, कारण जागतिक हवामान संघटनेचा करार १९५० साली त्या दिवशी अमलात आला. २० मे हा जागतिक मापनशास्त्र दिन, कारण १८७५ साली त्या दिवशी पॅरिसमध्ये १७ देशांनी मापांची एकके सर्वत्र सारखी राखण्यासाठीच्या मीटर करारावर सह्या केल्या. एका शाळेने मला २० मेच्या निमित्ताने व्याख्यानाला बोलावले होते. सभागृहाच्या दाराशी मुलांनी रंगवलेला मोठा फलक होता आणि त्यावर काळे ढग, वीज आणि छत्री काढलेली होती. मुख्याध्यापिकांना चूक कळली तेव्हा त्या फार ओशाळल्या. मी त्यांना तो फलक तसाच राहू द्यायला सांगितले आणि व्याख्यान त्या छत्रीपासूनच सुरू केले. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर पडलेले १ लिटर पाणी. आता पर्जन्यमापकाच्या तोंडाचा व्यास १ टक्क्याने चुकला असेल, तर क्षेत्रफळ सुमारे २ टक्क्यांनी चुकते, आणि त्या ठिकाणच्या पावसाचा प्रत्येक आकडा तेवढाच चुकत राहतो. पाऊस कितीही पडो, चूक त्या भांड्यातच बसलेली असते. भांड्याचे तोंड बरोबर आहे की नाही हे सांगणारा माणूस तो मेट्रॉलॉजिस्ट, आणि त्या भांड्यात जमलेल्या पाण्यावरून उद्याचा विचार करणारा तो मीटिऑरॉलॉजिस्ट, एवढे मुलांना पाच मिनिटांत समजले. पुढचा तासभर कोणाचाही गोंधळ झाला नाही.

नाव ऐकून फसगत होणारे शास्त्र हे एकटेच नाही. साथीच्या रोगांचा अभ्यास करणारे एपिडेमिऑलॉजिस्ट हे त्वचेचे डॉक्टर असावेत असे पुष्कळांना वाटते, कारण ‘एपिडर्मिस’ म्हणजे बाहेरची त्वचा हा शब्द त्यांच्या कानावरून गेलेला असतो. एंटोमॉलॉजिस्ट किड्यांचा अभ्यास करतो आणि एटिमॉलॉजिस्ट शब्दांच्या मुळांचा, पण या दोघांची अदलाबदल सुशिक्षितांकडूनही होते. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकासाठी इंग्रजीत ‘फिजिसिस्ट’ हा शब्द घडवावा लागला, त्याचे कारणही हेच होते. ‘फिजिशियन’ हे नाव वैद्यांनी आधीच घेतलेले असल्यामुळे ते वापरता येत नाही, असे सांगून इंग्रज विद्वान विल्यम ह्यूएल यांनी १८४० साली हा नवा शब्द सुचवला. ‘सायंटिस्ट’ हा शब्दही त्यांनीच त्याआधी काही वर्षे घडवला होता. व्यवसायांची नावे कोणीतरी बसून ठरवलेली असतात आणि ती बदलताही येतात, त्यामुळे आपला प्रश्न अवास्तव मुळीच नाही.

नाव बदलल्याने खरोखर भले झाल्याची उदाहरणेही आहेत. आज आपण ज्याला एमआरआय म्हणतो, त्या तपासणीच्या मूळ नावात ‘न्यूक्लिअर’ हा शब्द होता. त्याचा अर्थ फक्त अणुकेंद्रकाशी संबंधित एवढाच, पण रुग्णांना त्यात किरणोत्सर्ग दिसू लागला, म्हणून १९८० च्या दशकात तो शब्द गाळला गेला. हा बदल योग्यच होता, कारण भीतीने माणूस तपासणी टाळत असेल तर नावाचा हट्ट धरण्यात अर्थ नसतो. आमच्या क्षेत्रातही एक नामांतर झाले आहे. विद्युतशक्तीच्या साहाय्याने वस्तुमान मोजणाऱ्या तराजूला ‘वॅट बॅलन्स’ म्हणत असत. त्याची कल्पना ब्रायन किबल यांनी १९७५ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत मांडली. २०१६ साली त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्या तराजूला ‘किबल बॅलन्स’ हे नाव मिळाले. हे नामांतर गोंधळ टाळण्यासाठी झाले नव्हते, एका माणसाचे ऋण मानण्यासाठी झाले होते. मेट्रॉलॉजीच्या बाबतीत मात्र भीतीही नाही आणि अपायही नाही. पावसाविषयी विचारणाऱ्याचे कोणतेच नुकसान होत नाही. शिवाय हे नाव अनेक भाषांत, करारांत आणि संस्थांच्या नावांत इतके रुजलेले आहे की ते उपटले तर गोंधळ वाढेल.

आता समजुतीचा गैरसमज. माझ्या मते काळजी करावी अशी गोष्ट हीच आहे. ‘मी मोजमापाचे शास्त्र शिकलो आहे’ असे स्पष्ट सांगितल्यावर पुढचा प्रश्न येतो, ‘मोजायला शास्त्र कशाला लागते?’ पट्टी लावली की लांबी कळते, काट्यावर ठेवले की वजन कळते, मग त्यात तज्ज्ञाचे काय काम, असे लोकांना प्रामाणिकपणे वाटते. त्यांना दोष देता येत नाही, कारण पट्टी बरोबर आहे हे त्यांनी गृहीत धरलेले असते. ते त्यांना निर्धास्तपणे गृहीत धरता यावे, याचसाठी आम्ही असतो.

आपली मुलगी रोज ज्या वस्तू हाताळत असेल त्यातली एक सांगतो. कारखान्यांत जिला ‘स्लिप गेज’ म्हणतात, ती पोलादाची लहानशी चकचकीत आयताकृती वडी असते. तिची दोन तोंडे इतकी सपाट घासलेली असतात, की अशा दोन वड्या एकमेकींवर दाबून सरकवल्या तर त्या चिकटून बसतात आणि उचलल्या तरी सुटत नाहीत. १०० मिलिमीटरची अशी एक वडी उघड्या हातात धरली, तर तळहाताच्या उबेने ती वाढू लागते. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की तिची लांबी साधारण १.१५ मायक्रोमीटरने वाढते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण ज्या वडीवरून इतर उपकरणे तपासायची, तिच्या बाबतीत तो प्रचंड असतो. म्हणून लांबीच्या मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान जगभर मानले जाते, वडी हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचलतात, आणि ती जागेवर ठेवल्यावर तिची ऊब जाईपर्यंत माणूस नुसता थांबून राहतो. नवीन मुले प्रयोगशाळेत येतात तेव्हा त्यांना सर्वांत अवघड जाते ते हे थांबणे. मला ते आवडते. खोलीत आवाज नसतो, तापमापकाचा आकडा हळूहळू स्थिरावत असतो, आणि तो स्थिरावेपर्यंत वाचन नोंदवायचे नाही, हा नियम कितीही घाई असली तरी मोडायचा नसतो.

मोजण्याचे साधनच चुकीचे असेल तर काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आकाशात आहे. एप्रिल १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात सोडली आणि तिची चित्रे अस्पष्ट येऊ लागली. २.४ मीटर व्यासाचा तिचा आरसा अतिशय काळजीपूर्वक घासलेला होता, पण चुकीच्या आकारात, कडेला सुमारे २ मायक्रोमीटर सपाट. आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसवले गेले होते. ते अंतर मोजण्याचा दांडा बरोबर होता. मात्र दांड्याच्या टोकावरच्या टोपीचा रंग एका ठिकाणी उडालेला होता, त्यामुळे प्रकाश दांड्याच्या टोकाऐवजी टोपीवरून परतला आणि तेच अंतर खरे मानले गेले. मला अधिक अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. अन्य दोन साध्या उपकरणांनी चूक दाखवली होती, पण ती उपकरणे कमी अचूक म्हणून त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली, तेव्हा कुठे दुर्बिणीची नजर सुधारली.

मापनाचे काम किती सखोल असू शकते, याचे दुसरे उदाहरण किलोग्रॅमचे. १८८९ पासून १ किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्र येथे ठेवलेला प्लॅटिनम आणि इरिडियम यांचा एक दंडगोल, असे ठरलेले होते. त्याची उंची आणि व्यास दोन्ही सुमारे ३९ मिलिमीटर. तिजोरी उघडायला तीन किल्ल्या लागत. शंभर वर्षांनी त्याची त्याच्या अधिकृत प्रतिकृतींशी तुलना केली, तेव्हा त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत फरक पडलेला आढळला, म्हणजे मिठाच्या बारीकशा कणाएवढा. दंडगोल हलका झाला की प्रतिकृती जड झाल्या, हे सांगायला कोणतीच वाट नव्हती, कारण व्याख्येनुसार तो दंडगोलच १ किलोग्रॅम होता. शेवटी १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय येथे देशांच्या प्रतिनिधींनी मतदान करून ही व्याख्या निवृत्त केली, आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकाला, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीला, बांधला गेला. हे मापनशास्त्रज्ञांच्या कित्येक दशकांच्या कष्टाचे फळ होते. जगातल्या एकाही काट्यावरचा आकडा त्या दिवशी हलला नाही, इतक्या सफाईने तो बदल झाला. मला वाटते, आमचे नाव लोकांना माहीत नसण्याचे खरे कारण यातच आहे. काम नीट झाले की कोणालाच काही जाणवत नाही.

म्हणून आपल्या मुलीला माझा निरोप असा सांगा, की तिने नाव लपवू नये. ‘इंजिनिअर आहे’ म्हटल्याने प्रश्न मिटतो, पण समोरच्या माणसाला एक नवी गोष्ट कळण्याची संधीही त्याबरोबर जाते. ‘मी मेट्रॉलॉजिस्ट आहे, मोजणारी उपकरणे खरे बोलतात की नाही हे मी तपासते’ एवढे एकच वाक्य पुरते. मी हेच सांगत आलो आहे, आणि त्यानंतर पावसाचा विषय बहुधा निघत नाही. उलट, माणसे आपापल्या रक्तदाबमापकाविषयी विचारू लागतात. तो प्रश्न योग्य ठिकाणी विचारलेला असतो.

प्रश्न : मराठीत या व्यवसायाला काय म्हणावे? ‘मापनशास्त्रज्ञ’ म्हटले तर लोकांना जमिनीची मोजणी करणारे वाटतात. ‘मितिशास्त्र’ हा शब्दही वाचनात आला. मराठी शब्द वापरल्याने गोंधळ कमी होतो की वाढतो?
— विज्ञानाचे एक अनुवादक

उत्तर : कमी होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रीक मुळांच्या नावांमुळे होणारे वर सांगितलेले घोटाळे मराठीत संभवतच नाहीत. साथरोगशास्त्रज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ, कीटकशास्त्रज्ञ आणि व्युत्पत्तिशास्त्रज्ञ, मापनशास्त्रज्ञ आणि हवामानशास्त्रज्ञ या जोड्या कोणीही एकमेकांत मिसळणार नाही. जिथे आपला जुना शब्द संदिग्ध होता, तिथेही मराठीने वाट काढली आहे. ‘ज्योतिष’ या एकाच शब्दात ग्रहांचे गणित आणि माणसाचे भविष्य दोन्ही नांदत होते. ‘खगोलशास्त्र’ हा शब्द रूढ झाल्यावर ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याला पत्रिका दाखवण्याची वेळ पुष्कळच कमी झाली.

‘मिती’ हा शब्द मला आवडतो, पण आज तो लांबी, रुंदी, उंची या अर्थानेच मनात येतो. द्विमिती, त्रिमिती हे शब्द शाळेपासून तसेच शिकवले जातात. मेट्रॉलॉजीत मात्र लांबीबरोबर काळ, वस्तुमान, तापमान, विद्युतप्रवाह, प्रकाशाची तीव्रता आणि पदार्थाचे प्रमाण हे सर्व येते. त्यामुळे ‘मितिशास्त्र’ने विषय आखूड होतो. ‘मापनशास्त्र’ हा शब्द पुरेसा रुंद आहे, आणि कायद्याने ठरवलेल्या मापांच्या शाखेसाठी ‘वैधमापनशास्त्र’ हा शब्द रूढ आहेच.

जमीन मोजणाऱ्यांशी होणारी गल्लत मात्र खरी आहे, आणि ती शब्दाने मिटणार नाही. तिथे वाक्य खर्च करावे लागते. भाषांतर करताना पहिल्या उल्लेखात ‘मापनशास्त्रज्ञ, म्हणजे मोजण्याच्या साधनांची आणि एककांची अचूकता राखणारे वैज्ञानिक’ असे एकदा लिहावे आणि नंतर नुसते ‘मापनशास्त्रज्ञ’ म्हणावे. याच क्षेत्रातल्या आणखी एका शब्दाबाबत सावध राहण्याची विनंती करतो. प्रत्येक मापाबरोबर आम्ही जी शंकेची मर्यादा लिहितो, तिला मराठीत ‘अनिश्चितता’ म्हणतात. वाचकाला त्यात कबुलीजबाब ऐकू येतो, जणू मोजणाऱ्याला खात्रीच नव्हती. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. वडीची लांबी १०० मिलिमीटर आहे असे नुसते सांगणाऱ्यापेक्षा, ती त्या आकड्यापासून जास्तीत जास्त किती दूर असू शकेल हेही सांगणाऱ्याला तिच्याविषयी अधिक माहिती असते. हे एकदा समजावून दिले, तर ‘अनिश्चितता’ हाच शब्द ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : मला पदार्थविज्ञानाची आवड आहे आणि या क्षेत्रात काम करावेसे वाटते. मात्र नोकरीच्या जाहिरातींत ‘मेट्रॉलॉजिस्ट’ शोधले की हवामान खात्याच्या जागा दिसतात. नेमके काय शोधावे?
— पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : ‘मेट्रॉलॉजिस्ट’ या पदनावाने मोजक्याच जाहिराती निघतात, आणि त्याही बहुतेक राष्ट्रीय मापन संस्थांच्या असतात. तेच काम इतर ठिकाणी कॅलिब्रेशन (म्हणजे उपकरण प्रमाण मापाशी ताडून पाहणे) इंजिनिअर, मेजरमेंट सायंटिस्ट, क्वालिटी इंजिनिअर, सीएमएम (वस्तूचा आकार बिंदूबिंदूने मोजणारे यंत्र) प्रोग्रॅमर अशा नावांनी मिळते, तेव्हा ‘कॅलिब्रेशन’ आणि ‘मेजरमेंट’ या दोन शब्दांनी शोध घ्या. जाहिरातीत आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाचा उल्लेख दिसला, तर ते काम आपल्याच क्षेत्रातले आहे असे समजायला हरकत नाही, कारण चाचणी आणि कॅलिब्रेशन प्रयोगशाळांची पात्रता त्याच मानकाने ठरते. सध्याच्या अभ्यासात संख्याशास्त्र आणि त्रुटींचे विश्लेषण मन लावून शिका. प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तराखाली ± चे चिन्ह लिहिताना पुढचा आकडा मित्राच्या वहीतून न उतरवता स्वतः काढायची सवय आतापासून लागली, तर प्रयोगशाळेतल्या पहिल्या सहा महिन्यांतले अर्धे शिक्षण तिथेच होऊन जाते.